‘पानिपत’ : बडोद्यातून पाहिलेला

मराठी भाषेने पानिपतचा पराभव आपल्या रोजच्या बोलण्यात जितक्या सहजपणे मुरवून घेतला आहे, तितका दुसरा कोणताही ऐतिहासिक प्रसंग मुरवलेला दिसत नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचे पानिपत होते, निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते; लग्नात जेवणाच्या मांडवाशी भाऊगर्दी उसळते आणि ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्या उसनवाराला ‘विश्वास गेला पानिपतात’ असे उत्तर मिळते. हे शब्द वापरणाऱ्याला दरवेळी सदाशिवरावभाऊ, इब्राहिमखान गारदी किंवा अठरा वर्षांचे विश्वासराव आठवतात असे नाही. पण भाषेला ते आठवतात, आणि ती त्यांना हरलेले म्हणूनच आठवते. ‘आम्ही हरलो, पण…’ या वाक्यातला ‘पण’ या वाक्प्रचारांत कोठेही सापडत नाही.

आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट त्या ‘पण’ने आरंभापासून अखेरपर्यंत व्यापलेला आहे, अशी माझी त्याविषयी मुख्य तक्रार आहे. ६ डिसेंबर २०१९ रोजी तो प्रदर्शित झाला. त्याच आठवड्यात बडोद्यातल्या एका चित्रपटगृहात मी तो प्रथम पाहिला, आणि अलीकडे घरी स्वस्थपणे पुन्हा एकदा. पहिल्या वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आपल्या आजोबांबरोबर आला होता. मध्यंतरात त्याने विचारले, “आजोबा, आपणच जिंकणार ना?” आजोबांनी पॉपकॉर्नचा पुडा त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाले, “बघ तू.” मुलाच्या प्रश्नात दोष नव्हता. तोवरच्या दीड तासात चित्रपटाने त्याला दुसरे काही विचारायला शिकवले नव्हते.

प्रथम चांगले सांगतो. हिंदी चित्रपटसृष्टीत ऐतिहासिक भव्यपटांची लाट उसळली असताना – ‘बाजीराव मस्तानी’ २०१५चा, ‘पद्मावत’ २०१८चा – एका दिग्दर्शकाने मराठ्यांची सर्वांत मोठी हार हा विषय निवडावा, ही गोष्ट लहान नाही. शिवकालातली एखादी चढाई निवडणे किती सोपे होते! नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभारलेला शनिवारवाडा पाहताना वास्तू राहती आहे असे वाटते. तिच्या ओसऱ्यांवर माणसे वावरतात, नुसती मिरवत नाहीत. पेशव्यांच्या घरातले भावाभावांतले आणि जावाजावांतले ताण पहिल्या भागात बऱ्यापैकी उमटले आहेत. पद्मिनी कोल्हापुरे यांच्या गोपिकाबाईंत मुलाच्या हक्काविषयीची धास्ती दिसते आणि मोहनीश बहल यांच्या नानासाहेबांत निर्णय लांबणीवर टाकणाऱ्या कर्त्या पुरुषाचा थकवा. इब्राहिमखानाच्या भूमिकेतले नवाब शाह तर थोडक्या प्रसंगांतही लक्षात राहतात. अर्जुन कपूर यांच्या भाऊसाहेबांविषयी त्या वेळी पुष्कळ टिंगल झाली, तीत मला भर घालायची नाही. पटकथेने त्यांना विचार करायला एकही प्रसंग दिला नाही. तेव्हा चेहऱ्यावर विचार दिसत नाही, हा दोष केवळ नटाचा कसा म्हणावा?

भाऊसाहेबांच्या मोहिमेत विचार करण्याजोगे किती होते, ते पाहावे. मार्च १७६०मध्ये पटदुराहून फौज निघाली आणि १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर संपली. मध्ये दहा महिने आहेत. (ही तारीख आज संक्रांतीची, आणि आमच्या गुजरातेत उत्तरायणाची, त्या दिवशी बडोद्याच्या गच्च्यांवर पतंगांखेरीज कशाचीही आठवण कुणाला नसते. मात्र संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, त्यामुळे १७६१ साली ती काही दिवस आधीच होऊन गेली असणार. ‘ऐन संक्रांतीला’ हे वाक्य आपण सवयीने म्हणतो.) या दहा महिन्यांत भाऊंनी केलेली प्रत्येक निवड वादग्रस्त आहे. सूरजमल जाटाने सुचविल्याप्रमाणे बायकामुले, यात्रेकरू आणि जड सामान मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे? होळकरांच्या पद्धतीने गनिमी काव्याने लढायचे की इब्राहिमखानाच्या पलटणी आणि तोफा यांवर भिस्त ठेवायची? ऑगस्टात दिल्ली हाती आली, पण तिच्यातून फौजेच्या पगाराची सोय होईना. मग तिथे थांबायचे की पुढे जायचे? ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्यावर कुरुक्षेत्राकडे वळायचे की यमुनेच्या उतारांवर पहारे वाढवायचे? भाऊ वळले, आणि बागपताजवळ अब्दाली नदी उतरून आला. मग मराठे दिल्लीपासून तुटले आणि अब्दाली त्याच्या देशापासून तुटला. दोन्ही फौजा एकमेकांच्या वाटेवर बसून राहिल्या. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. शेवटी लढाई झाली ती उपाशी राहण्यापेक्षा लढणे बरे म्हणून.

यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एकेक नाट्यप्रसंग आहे, आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. चित्रपटात यांपैकी काही येतात, पण वाद म्हणून येत नाहीत. भाऊ बोलतात, बाकीचे ऐकतात, कुणी कुरकुरलाच तर तो भित्रा किंवा लोभी ठरतो. सूरजमलाचे हेच झाले. आगऱ्याच्या किल्ल्यासाठी सौदा करणारा राजा म्हणून त्याला दाखविल्यावर राजस्थानात निदर्शने झाली आणि निर्मात्यांना तो भाग कापावा लागला. कात्री लावण्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु लढाईनंतर फाटक्या कपड्यांत, जखमा घेऊन परतणाऱ्या मराठ्यांना याच सूरजमलाने आपल्या मुलखात अन्न, वस्त्र, आसरा दिला, हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या कृतज्ञतेने सांगितले गेले आहे. ज्याचा सल्ला आपण मानला नाही त्याच्याच दारात उभे राहावे लागणे, ही पानिपतच्या कथेतली अतिशय अवघड आणि म्हणूनच अतिशय मोलाची जागा. तिथे मराठी दिग्दर्शकाने जपून पाऊल टाकायला हवे होते.

अब्दालीचे तसेच. अफगाणिस्तानात अहमदशहा हा राष्ट्राचा संस्थापक, ‘बाबा’ म्हणून मानला जातो. चित्रपटाची झलक बाहेर पडल्यावर तिकडून नाराजी व्यक्त झाली ती उगाच नव्हे. संजय दत्त यांचा अब्दाली डोळ्यांत सुरमा घालून गुरगुरतो आणि शेवटी मराठ्यांच्या शौर्याची ग्वाहीही त्याच्याच तोंडून मिळते. म्हणजे खलनायक म्हणून वापरायचे आणि निकालपत्रावर सहीही त्याचीच घ्यायची. हा ‘पण’चा सर्वांत ठळक नमुना. कंटाळलेली, पगार थकलेली, घरी जाऊ मागणारी फौज अब्दालीकडेही होती, उपासमार तिकडेही पुरती दूर नव्हती. तरी तो राखीव फौज हाताशी ठेवून दुपारपर्यंत थांबला. या थांबण्यात सेनापती दिसतो. चित्रपटात मला तो दिसला नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी लेखणी हाती घेतली तो. दोनदा चित्रपट पाहूनही दमाजीराव गायकवाडांचा चेहरा माझ्या ध्यानात राहिला नाही. कोणी म्हणेल, बडोदेकराला गायकवाडच दिसायचे. तसे नाही. गायकवाडांना अधिक फुटेज मिळावे, असा हा मानापमानाचा प्रश्न नाही. दमाजीरावांना सोडल्याने चित्रपटाने काय गमावले, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे.

दमाजीरावांनी १७३४मध्ये बडोदे कायमचे आपल्या हाती घेतले. १७५१ साली ताराबाईंच्या पक्षाने ते फौज घेऊन साताऱ्यावर गेले असता याच नानासाहेब पेशव्यांनी त्यांना घेरले, पकडून पुण्यात कैदेत ठेवले आणि गुजरातेचा निम्मा वाटा लिहून घेतल्यावाचून सोडले नाही. पुढे १७५३मध्ये त्यांनी रघुनाथरावांबरोबर अहमदाबाद घेतले. आणि १७६१मध्ये हा माणूस त्याच पेशव्यांच्या चुलतभावाच्या निशाणाखाली, इब्राहिमखान गारद्याच्या शेजारी, डाव्या बगलेवर उभा आहे! ज्याने कैदेत घातले त्याच्यासाठी मरायला माणूस का उभा राहतो? निष्ठा म्हणून? हिशेब म्हणून? की उत्तरेतून येणाऱ्या संकटापुढे जुने हिशेब मिटवावेत असे वाटले म्हणून? इतिहासकार याची उत्तरे आपापल्या परीने देतील. चित्रपटाला उत्तर देण्याचीही गरज नव्हती. नुसता तो माणूस रणात उभा करायचा होता. नानासाहेबांचे नाव निघाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय होते, एवढे दाखविले असते तरी मराठा सत्ता ही वस्तू कशाची बनली होती, ते त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही उमगले असते.

लढाईचे उत्तम वर्णन मागे ठेवणारा काशीराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. म्हणजे मराठ्यांची लढाई त्याने शत्रूच्या छावणीतून पाहिली आणि वीसेक वर्षांनी फारसीत लिहून काढली. इब्राहिमखानाला पाठबळ देणारा गायकवाड चांगला लढला आणि अनेक जखमा घेऊन बाजूला झाला, हे त्याने नोंदविले आहे. गारद्यांच्या शिस्तबद्ध माऱ्याने रोहिल्यांची फळी फुटत असताना विंचूरकर आणि गायकवाड यांच्या घोडदळाने पुढे मुसंडी मारली आणि बंदुकांच्या तोंडी सापडून ते मागे फिरले, असे सामान्यतः सांगितले जाते. पायदळाच्या गोलात राहून लढायचे शिक्षण नसलेले, आयुष्यभर घोड्याच्या वेगावर जगलेले हे सरदार. त्यांच्या मुसंडीत शौर्य होते आणि चूकही होती. आणि दोन्ही एकाच कृतीत होते. युद्धपटाला याहून अधिक काय हवे?

इथे मला अकिरा कुरोसावांचा १९८०चा ‘कागेमुशा’ आठवतो. त्यातली शेवटची लढाई नागाशिनोची, १५७५ची; ताकेदा घराण्याचे नामांकित घोडदळ लाकडी कुंपणाआड बसलेल्या बंदूकधाऱ्यांवर चालून जाते आणि संपते. प्रसंग आपल्या डाव्या बगलेचाच म्हणावा इतका सारखा. कुरोसावा घोडेस्वार निघालेले दाखवतात, बंदुकांचे बार दाखवतात, आणि मग टेकडीवरून पाहणाऱ्यांचे चेहरे. घोडेस्वार गोळ्यांनी कोसळतानाचा क्षण ते जवळजवळ दाखवतच नाहीत. पुन्हा तुकडी निघते, पुन्हा बार, पुन्हा चेहरे. अखेर कॅमेरा मैदानात उतरतो तेव्हा माणसे पडलेली आहेत आणि घोडे उठण्याची धडपड करीत आहेत. ते बराच वेळ, आपल्याला नकोसे होईपर्यंत, दाखविले जाते. तिथे कोणी भाषण करीत नाही आणि शत्रूही प्रशस्तिपत्र देत नाही. पराभव केवळ आपल्यासमोर पडून राहतो. ‘पानिपत’मध्ये मात्र जो तो मरताना शोभून दिसतो. तलवारी फिरतात, रक्त मंदगतीने उडते, मागे अजय-अतुल यांचे ढोल वाढत जातात. लढाई कुठल्या क्षणी हातची गेली, ते मला दोन्ही वेळा कळले नाही. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, हा क्रम मला पुस्तकांतून ठाऊक होता म्हणून मी तो पडद्यावर भरून काढला. ज्याला ठाऊक नाही त्याने काय करावे?

हे गोवारीकरांना जमत नाही म्हणावे, तर तसेही नाही. ‘लगान’ (२००१) हाच त्याचा पुरावा. त्या चित्रपटात खेळाचे नियम आपल्याला गावकऱ्यांबरोबर शिकवले जातात. अकरा खेळाडूंपैकी प्रत्येकाला एक धंदा, एक वैगुण्य, एक रुसवा आहे. एक तर फितूरही आहे आणि त्याला परत फिरायला वाटही ठेवली आहे. त्यामुळे शेवटच्या तासाभरात कोणाच्या हाती चेंडू गेला की काय घडू शकते, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते आणि म्हणून त्याचा श्वास अडकतो. पानिपतावर शिंदे, होळकर, गायकवाड, विंचूरकर, पवार, समशेरबहाद्दर, गारदी असे तसलेच एक संमिश्र पथक उभे होते. तोच दिग्दर्शक, तीच रचना हाताशी. तरी इथे सरदार म्हणजे पगड्यांचे रंग होऊन राहिले. रवींद्र महाजनी मल्हाररावांच्या आणि त्यांचे पुत्र गश्मीर जनकोजींच्या वेषात, म्हणजे उजव्या बगलेवर बापलेक उभे. होळकर रणातून निघून गेले यावर अडीचशे वर्षे वाद चालला आहे आणि जनकोजी तर वैऱ्यांच्या हाती सापडून मारले गेले. नियतीने दिलेला हा योगायोगसुद्धा पटकथेने वाया घालवला. याचे कारण मला असे दिसते की ‘लगान’मध्ये शेवटी जिंकायचे होते, त्यामुळे माणसांच्या उणिवा दाखवायला दिग्दर्शकाला भीती नव्हती. इथे हरायचे आहे. आणि हरणाऱ्यांत उणीव दाखवली तर ते हरण्यास पात्र ठरतील, असे भय चित्रपटाच्या मनात आहे.

मराठी वाङ्मयाला हे भय नव्हते, हे आपण बडोदेकरांनी तरी विसरू नये. आपल्याच संस्थानातील नवसारीत जन्मलेल्या गडकऱ्यांनी गोविंदाग्रज या नावाने ‘पानपतचा फटका’ लिहिला. तीस वर्षांहून अधिक काळ बडोद्याच्या नोकरीत काढलेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनी रियासतीचा एक स्वतंत्र भागच ‘पानिपत प्रकरण’ म्हणून वेगळा काढला. शेजवलकरांनी रणभूमीचा बारकाईने अभ्यास करून या एका लढाईवर ग्रंथ लिहिला, आणि १९८८मध्ये विश्वास पाटलांच्या कादंबरीने हा विषय पुन्हा घरोघरी नेला. या सर्वांचे एकमेकांशी पटत नाही. भाऊंना कोणी उद्धट म्हणते, कोणी दूरदर्शी. पण हार ही समजून घेण्याची वस्तू आहे, यावर त्यांचे दुमत नाही.

आणि आपल्या शहरात एक चित्रही आहे. सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्याच्या पूर्वजांच्या स्मरणार्थ कीर्तिमंदिर बांधले, त्याच्या भिंती नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्याने रंगविल्या. गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, आणि चौथी भिंत महाभारतयुद्धाची, अभिमन्यूच्या वधाची. राजघराण्याच्या स्मारकात युद्ध रंगवायचे तर विजयाचे रंगवावे, ही साधी अपेक्षा. पण तिथे आत शिरता आलेला आणि बाहेर पडता न आलेला मुलगा आहे. ज्या घराण्याचा पूर्वज पानिपताहून जखमा घेऊन परतला त्याच्याच कीर्तीच्या मंदिरात हे चित्र असावे, हा योग चित्रकाराने जाणून साधला असेल असे मी म्हणत नाही. मात्र भाऊंच्या फौजेला ओढ लागली होती ती कुरुक्षेत्राचीच, हे त्या भिंतीपुढे उभे राहिले की आठवते.

दमाजीराव परतले आणि निष्कलंक वीर म्हणून निवृत्त झाले, असेही घडले नाही. त्यांनी गुजरातेत आपला मुलूख पुन्हा जमविला, पाटणला ठाणे केले, आणि पुढे माधवराव पेशव्यांविरुद्ध रघुनाथरावांची बाजू घेऊन मुलाला फौजेसह धोडपच्या लढाईत पाठविले. १७६८मध्ये ते वारले. पेशव्यांसाठी रक्त सांडलेला आणि पेशव्यांशी भांडत गेलेला असा हा एकच पुरुष. बडोदे, आणि बडोद्यातली आपली मराठी वस्ती, या परतून आलेल्यांच्या हिशेबी, हट्टी संसारातून उभी राहिली. मेलेल्यांवर पोवाडा रचता येतो. परतलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न मराठी मनालाही सोपा गेलेला नाही. अठरा वर्षांचे नाना फडणीस आई आणि बायको यांच्यासह पानिपतावर होते. वेष पालटून, पायी, लपतछपत परतले. बायको पुढे भेटली, आई कायमची हरवली. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले, आणि स्वतःला वीर ठरविण्याचा खटाटोप केला नाही. त्यांच्या त्या चालण्यावर एक संपूर्ण चित्रपट होऊ शकतो.

गोवारीकरांना ही वाट ठाऊक नव्हती असे म्हणवत नाही, कारण कथा सांगणारी म्हणून त्यांनी परतणाऱ्या व्यक्तीचीच निवड केली आहे. निवेदन पार्वतीबाईंचे आहे. क्रिती सेनन यांनी ही भूमिका समजुतीने केली आहे. वैद्यकी जाणणारी, छावणीत जखमा बांधणारी ही स्त्री लढाई जवळून पाहू शकते आणि तिला शौर्याखेरीज दुसरेही काही दिसू शकते. या निवडीत पुष्कळ शक्यता होत्या. परंतु तिच्या तोंडी येते ते बहुतांशी नवऱ्याचे गुणगान, आणि तिच्या हाती एकदा तलवार दिली की पटकथाकारांना आपले कर्तव्य झाले असे वाटते. इतिहासातल्या पार्वतीबाई पुण्याला परत आल्या. भाऊ मेले हे त्यांनी मानले नाही, कुंकू पुसले नाही, आणि १७६३मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तशाच राहिल्या. नानासाहेब तोवर खचून वारले होते आणि गादीवर माधवराव होते. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा त्याला खरा मानणारी माणसे निघाली, ती ज्या न मिटलेल्या आशेतून, तीच आशा सर्वांआधी त्या एका दालनात कुंकू लावून बसली होती. ती दोन वर्षे चित्रपट घाईघाईने आटोपतो. दिवे लागतात आणि लोक गाडीच्या किल्ल्या चाचपू लागतात.